जुनी स्नायपर रायफल आणि तिची दुर्बीण: शिकारीला चालेल का?

राम राम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात तीन प्रश्न एकात एक गुंतलेले आहेत. आधी ते सुटे करतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल.

तुम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले, जांबोटीकडचे. चार वर्षं न्यूझीलंडमध्ये दुधाच्या फार्मवर कामाला आहात आणि तिथलं बंदुकीचं लायसन्स रीतसर काढलं आहे. फार्मचे मालक त्यांच्या सासऱ्यांची जुनी रायफल विकायला निघालेत: ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १ (टी), म्हणजे ब्रिटिश सैन्याची ३०३ (थ्री नॉट थ्री) काडतुसाची स्नायपर रायफल, वर नंबर ३२ मार्क २ ची दुर्बीण, लाकडी पेटीसकट. तुम्हाला विचारायचंय ते असं. ही घेऊन डोंगरात हरणं आणि रानबकऱ्या मारता येतील का? जुनी दुर्बीण काढून नवी बसवावी का? आणि पुढं गावी परतताना ही रायफल आणून वडिलांच्या रताळ्याच्या शेतात शिरणाऱ्या डुकरांचा बंदोबस्त करता येईल का?

तिसऱ्याचं उत्तर नाही असं आहे, आणि ते ठाम आहे. कारणं शेवटी सांगतो. पहिल्याचं उत्तर होय, पण तीन-चार अटींवर. दुसऱ्याचं उत्तर सांगताना मला थोडं कळकळीनं बोलावं लागेल, ते समजून घ्या.

मी बोलतोय ते कुठल्या आधारावर, तेही सांगायला हवं. मी सैन्यात बावीस वर्षं आर्मरर, म्हणजे शस्त्रं तपासणारा-दुरुस्त करणारा कारागीर, होतो. पेन्शनीवर आल्यावर बेळगावात दुरुस्तीचं लायसन्स घेऊन दुकान टाकलं. आयुष्य गेलं ते नळ्या, बोल्ट आणि दस्त्यांत. मी स्वतः शिकारी नाही. लहानपणी वडिलांबरोबर हाक्याला गेलो तेवढाच माझा शिकारीचा अनुभव, तोही १९७२ च्या आधीचा. पण रायफल काय करू शकते आणि काय नाही, हे मी हातानं तपासून सांगू शकतो. तिथलं रान कसं, जनावर किती अंतरावर दिसतं, ते तुम्हाला तिथल्या जुन्या माणसांनाच विचारावं लागेल.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय, “एवढी जुनी रायफल नेम धरेल का?” माझ्या मते हा प्रश्नच मागं पडतो. निरोगी (टी) रायफल आजही नेम धरते. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातून निघालेल्या नंबर ४ रायफलींपैकी नेमात सरस ठरलेल्या बाजूला काढल्या जायच्या आणि त्यातल्या बहुतेक हॉलंड अँड हॉलंड कंपनीकडं पाठवल्या जायच्या. तिथं बॉडीच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या लोखंडी भागाच्या, डाव्या अंगाला दोन पॅड बसवून त्यावर दुर्बिणीचं ब्रॅकेट चढवत, आणि दस्त्यावर गाल टेकायला लाकडी ठोकळा. म्हणजे ही मुळातच निवडलेली रायफल. खरा प्रश्न वेगळा आहे. ती ज्या कामासाठी घडवली ते काम आणि शिकाऱ्याचं काम यात फरक आहे. सैनिकाला समोरचा माणूस लढाईतून बाद झाला की पुरे. शिकाऱ्यावर जबाबदारी असते ती जनावर जागच्या जागी, तडफड न होता पडावं याची. नेम लागणं आणि जनावर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाकी सगळं यातूनच निघतं: कुठलं काडतूस, किती अंतर, कुठला उजेड.

काडतुसापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठी चूक तिथंच होते. जुन्या रायफलीबरोबर बहुतेक वेळा जुन्या काडतुसांचा डबाही मिळतो. सैन्यातलं ३०३ चं मार्क ७ काडतूस म्हणजे १७४ ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), वेग सेकंदाला २४४० फूट. गोळीवर सगळीकडून धातूचं कवच, आत शिसं, पण टोकाच्या भागात शिशाऐवजी ॲल्युमिनियम किंवा लाकडाचा लगदा भरलेला. त्यामुळं वजन मागं राहतं आणि शरीरात शिरल्यावर गोळी कोलमडू शकते. आता ‘शकते’ या शब्दावर थांबा. कधी कोलमडते, कधी सरळ आरपार निघून जाते. शिकाऱ्याला असल्या नशिबावर विसंबता येत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी दहा वर्षांचा होतो. जांबोटी-कणकुंबीच्या रानात हाका होता आणि वडिलांबरोबर मी मचाणाखाली बसलो होतो. एका पाहुण्याच्या हातात थ्री नॉट थ्री होती, काडतुसं सैन्यातली. सांबर समोरून आडवं गेलं, बार झाला, जनावर दचकलं आणि तसंच पळत झाडीत शिरलं. पाहुणे म्हणाले, नेम चुकला. वडील खाली वाकले आणि करवंदीच्या पानावर बोट ठेवून दाखवलं: गुंजेएवढा रक्ताचा थेंब. पुढं वीसेक पावलांवर दुसरा. गोळी लागली होती, पण इकडून शिरून तिकडून निघून गेली होती. रात्र पडली म्हणून परतलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सांबर ओढ्याच्या पाण्यात बसलेलं सापडलं, जिवंत. वडिलांनी ते संपवलं आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्या सांबराचे डोळे मला अजून आठवतात.

म्हणून पहिली अट: सैन्याची कवचवाली गोळी शिकारीला वापरायची नाही. नवीन कारखान्यात बनलेलं सॉफ्ट नोजचं काडतूस घ्यायचं, १५० किंवा १८० ग्रेनचं. त्याचं टोक शिशाचं उघडं असतं, आत शिरल्यावर फुलतं आणि सगळी ताकद जनावराच्या शरीरातच सोडतं. यातली एक गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल. असली फुलणारी गोळी १८९० च्या दशकात आपल्याच देशात, कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बनली, म्हणून जगभर तिला डमडम म्हणतात. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात युद्धात ती वापरायला बंदी आली, माणसाला होणारी जखम भयंकर म्हणून. पण शिकारीत नेमकी तीच योग्य, कारण तिथं जनावर जखमी होऊन दोन दिवस भटकणं हेच जास्त क्रूर आहे.

जुन्या काडतुसांबद्दल आणखी एक. त्यातल्या टोपीत, म्हणजे बार पेटवणाऱ्या तळाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असतं. बार झाल्यावर नळीत त्याचं मीठ उरतं, आणि ते मीठ हवेतला ओलावा ओढून नळी आतून खातं. तेलानं ते निघत नाही, पाण्यानंच निघतं. आमच्या वर्कशॉपात यासाठी ॲल्युमिनियमची मोठी किटली चुलीवर कायम उकळत असायची. बोल्ट काढायचा, चेंबरमध्ये नरसाळं लावायचं, उकळतं पाणी नळीतून सोडायचं. मग पुलथ्रूनं, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीनं, कोरडी चिंधी, मग तेलाची चिंधी. नळी एवढी तापते की उरलेलं पाणी आपोआप वाळतं. मालकांच्या सासऱ्यांनी जुनीच काडतुसं वापरून नुसतं तेल पुसून ठेवलं असेल, तर नळी आतून खड्ड्याखड्ड्यांची असणार. उजेडाकडं धरून दोन्ही बाजूंनी बघा. आतल्या पीळदार खाचांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत आणि चकाकी अखंड हवी.

आता रायफलीच्या तब्येतीबद्दल. तुम्हाला स्वतःला करता येतील अशा दोन-तीन तपासण्या सांगतो. बाकीचं, विशेषतः हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यामधली जागा, तिथल्या गनस्मिथकडून गेज लावूनच तपासून घ्या. नंबर ४ चं बोल्ट हेड सुटं निघतं आणि ते ० ते ३ अशा चार मापांत येतं. कुणी कधी दुसऱ्या रायफलीचं बसवलं असेल तर काडतुसाच्या मागं जागा जास्त राहते आणि पितळी केस मागून फाटू शकते. हे डोळ्यानं दिसत नाही, अंदाजानंही कळत नाही.

पहिली तपासणी आकड्यांची. (टी) रायफलीच्या बॉडीवर डाव्या बाजूला टी चा शिक्का असतो. ब्रॅकेटवर रायफलीचा नंबर असतो. आणि दस्त्याच्या मनगटावर, म्हणजे जिथं हाताची पकड येते तिथं वरच्या अंगाला, दुर्बिणीचा नंबर ठोकलेला असतो. हे तिन्ही जुळले तर जोडी मूळची आहे. न जुळले तर रायफल वाईट ठरत नाही, पण दुर्बीण कुठून तरी आणून लावलेली आहे आणि किंमतही त्या हिशेबानं धरली पाहिजे. अलीकडं बाजारात नक्कल केलेल्या दुर्बिणीही पुष्कळ फिरतात.

दुसरी तपासणी पॅडची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन पॅड बॉडीला स्क्रूनं आवळलेले असतात. वर्षानुवर्षांच्या धक्क्यानं पुढच्या पॅडचे स्क्रू सैल होतात. एवढे सूक्ष्म की हातानं हलवून काही कळत नाही. पण रायफल मात्र एक गोळी इथं, दुसरी चार इंच तिथं टाकायला लागते, आणि माणूस दुर्बिणीला दोष देत बसतो. आमच्या उस्तादांनी शिकवलेली रीत अशी: पॅडच्या कडेला, जिथं तो बॉडीला चिकटतो त्या रेघेवर, पातळ तेलाचा एक थेंब सोडायचा. ब्रॅकेट चढवून अंगठ्याचे स्क्रू आवळायचे. मग दुर्बीण मुठीत धरून हळू दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. नजर त्या रेघेवर ठेवायची. पॅड घट्ट असेल तर तेल तसंच राहतं. सैल असेल तर तेल आत ओढलं जातं आणि दाबलं की बारीक बुडबुड्यासारखं बाहेर येतं. बुडबुडा दिसला की थांबायचं. स्वतः स्क्रू आवळायला जायचं नाही. त्यांची डोकी जागेवर ठोकून पक्की केलेली असतात, पेचकस लावला की डोकं तुटतं. ते काम जाणकाराचं.

तिसरी तपासणी लाकडाची. नंबर ४ ची पुढची लाकडी बाजू नळीला तोंडाजवळ खालून थोडा दाब देते, आणि रायफलीचा नेम त्या दाबावर अवलंबून असतो. लाकूड सुकून आकसलं की तो दाब जातो. नळी तोंडाजवळ धरून खाली दाबा. थोडा जोर लागून ती लाकडापासून सुटली पाहिजे. अगदी सैल वाटली किंवा हललीच नाही, तर काम निघालं. लाकडावर पॉलिश किंवा व्हर्निश चढवू नका. कच्चं जवसाचं तेल तळहातावर घेऊन चोळा, रात्रभर ठेवा, पुसा, पुन्हा चोळा. आमच्याकडं प्रत्येक पावसाळ्याच्या आधी हेच चालायचं.

आता दुर्बीण. नंबर ३२ मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली होती, म्हणून ती एवढी दणकट. मोठं दिसणं फक्त साडेतीन पट. आजकालच्या पोरांना हे कमी वाटतं, पण दाट झाडीत ५० ते १०० यार्डांवर साडेतीन पट भरपूर होतं. जास्त पटीच्या दुर्बिणीत जनावर शोधेपर्यंत ते निघून जातं. त्यामुळं पटीवरून तिला नावं ठेवू नका.

अडचण उजेडाची आहे. पुढची काच १९ मिलिमीटरची, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. १९ ला साडेतीननं भागलं की डोळ्यापर्यंत येणारा उजेडाचा गोल साधारण साडेपाच मिलिमीटरचा. हा आकडा तसा वाईट नाही. पण आत काचांची रांग आहे, आणि त्या काळच्या बऱ्याच दुर्बिणींच्या काचांवर आजच्यासारखं कोटिंग नाही. कोटिंग नसलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर शंभरातला चारेक भाग उजेड माघारी फिरतो. असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला. आणि जनावर बाहेर पडतं कधी? उजाडताना आणि दिवेलागणीला. तिच्यातला नेमाच्या खुणेचा जाड टोकदार खांब अंधुक उजेडातही दिसतो, बारीक क्रॉसवायरपेक्षा चांगला. पण खांब दिसणं आणि त्याच्या मागचं जनावर कुठलं, त्याच्या मागं कोण उभं आहे हे दिसणं, यात फरक आहे. तुमच्या तिथल्या सुरक्षा नियमांत लक्ष्याची शंभर टक्के ओळख पटल्याशिवाय बार करायचा नाही हा नियम आहे. या दुर्बिणीनं तो पाळायचा तर सूर्य वर आल्यानंतरच सुरुवात करावी लागेल आणि मावळायच्या बऱ्याच आधी थांबावं लागेल.

दुसरी अडचण ओलावा. आजच्या दुर्बिणीत नायट्रोजन भरून तोंडं पक्की बंद केलेली असतात. हिच्यात तसं काही नाही. काचा एकमेकींना कॅनडा बाल्सम नावाच्या राळेनं चिकटवलेल्या असतात. ती राळ ऐंशी वर्षांत पिवळी पडते, कडेनं सुटते, आणि मग काचेच्या काठाला इंद्रधनुष्यासारखी छटा दिसते. ओल शिरली की बुरशी येते. टॉर्चचा उजेड तिरका टाकून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी तंतूंची नक्षी दिसली तर ती बुरशी आहे, आणि ती काच कायमची खरवडते.

इथं माझी एक चूक सांगतो, कारण तुम्ही ती करू नये. नोकरीत नवा होतो तेव्हा एक (टी) रायफल तपासणीला आली होती. डोळ्याच्या बाजूच्या काचेवर आतून धूळ दिसत होती. मला वाटलं, दोन कड्या सोडून पुसून टाकू, काय एवढं. कड्या सुटल्या, काच मऊ चिंधीनं पुसली, परत बसवलं, चकचकीत दिसलं. पण महिना जुलैचा होता, बेळगावचा पाऊस बाहेर चार दिवस अखंड कोसळत होता आणि वर्कशॉपच्या भिंतीसुद्धा घामेजल्या होत्या. मी दुर्बिणीच्या नळीत तीच ओली हवा कोंडून टाकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गारव्यात काढली तर आतून पूर्ण धुकं. उस्तादांनी ती हातात घेतली, उजेडाकडं धरली आणि शांतपणे विचारलं, “काल बाहेर किती पाऊस होता, बघितलं होतंस का?” त्यानंतर दुर्बीण उघडायची तर कोरड्या हवेतच, आणि ज्याला तेवढंच काम येतं त्यानंच, हे मी पक्कं धरून ठेवलं. तुमच्या तिथं डोंगरात पाऊस, धुकं भरपूर असणार. पावसाच्या दिवशी ही दुर्बीण पेटीतच राहू द्या.

नेम बसवायचं थोडं खुलाशानं सांगतो. दुर्बिणीवरचा ड्रम, म्हणजे अंतर बसवायची फिरती चकती, यार्डांत आहे, १००० यार्डांपर्यंत, आणि तो मार्क ७ काडतुसाच्या हिशेबानं आखलेला. तुम्ही वेगळं काडतूस वापरणार, म्हणून ड्रमवरच्या अंतराच्या आकड्यांवर जाऊ नका. मार्क २ मध्ये ड्रम फिरवताना वाजणारी एक खट म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच, तेवढंच ध्यानात ठेवा. तुमचं अंतर मोजायचं यंत्र मीटरमध्ये आकडा दाखवेल. २०० मीटर म्हणजे सुमारे २१९ यार्ड. शून्यावर आणताना, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी लागायची जागा जुळवताना, मार्क १ आणि २ मध्ये ड्रम सैल करायला खास पाना लागतो. तो पेटीत आहे का बघा, नसेल तर पक्कड लावू नका. आणि ड्रमला थोडी मोकळी चाल असते, म्हणून हव्या त्या आकड्यावर येताना कायम एकाच बाजूनं या. पुढं गेलात तर चांगलं मागं जाऊन परत या.

१०० यार्डांवर गोळ्यांचा ग्रुप इंचभर वर बसवा. मग १५० वर जवळपास बरोबर लागेल, २०० वर दोन-तीन इंच खाली. ३०० वर मात्र गोळी फूटभर खाली जाते, आणि अंतराचा अंदाज तीस यार्डांनी चुकला तरी जखमी जनावर हाती येतं. हरणाच्या छातीत काळीज आणि फुफ्फुसं मिळून आठ-दहा इंचांचा गोल धरा, रानबकरीचा त्याहून लहान. म्हणून माझी दुसरी अट: १५० यार्डांच्या पलीकडं बार नाही. ही रायफल ६०० यार्डांवर निशाण मारायला बनली होती हे खरं, पण तिथं पहिली गोळी चुकली तर दुसरी टाकता येते. इथं पहिलीच गोळी तुमची आहे.

आता दुसरा प्रश्न, नवी दुर्बीण. मला कळतं तुम्ही का विचारताय. नवी घेतली की उजेडाचा आणि ओलाव्याचा प्रश्न मिटतो. पण त्यासाठी बॉडीला भोक पाडणार असाल, दस्ता कापणार असाल, गालाचा ठोकळा काढून फेकणार असाल, तर हात जोडून सांगतो, करू नका. न्यूझीलंडमध्ये १९३० च्या दशकापासून सरकारनं हरणं कमी करायला माणसं नेमली होती, आणि ती माणसं सैन्यातली ३०३ घेऊन डोंगर पालथे घालायची. तिथं कापलेल्या-छाटलेल्या साध्या ३०३ रायफली ढिगानं मिळतात. मूळच्या जोडीसकट असलेल्या (टी) रायफली मात्र जगात थोड्या उरल्यात आणि एकदा भोक पडलं की ते भरून निघत नाही. हे पैशाचंही नुकसान आहे, पण मी पैशासाठी सांगत नाही. ज्या हातांनी ती जोडी जुळवली त्यांचं काम मी जवळून बघितलं आहे. दोन पॅड घासून, पुन्हा घासून, कागदाच्या जाडीएवढा फरक काढून ते ब्रॅकेट बसवलेलं असतं. ते काम मोडायचा हक्क कुणालाच नाही असं मला मनापासून वाटतं.

त्यापेक्षा सरळ मार्ग आहे. शिकारीसाठी एक साधी नवी बोल्ट ॲक्शन रायफल घ्या, ३०८ किंवा तसली, कोटिंग असलेल्या काचांच्या दुर्बिणीसकट. तिचं वजन बहुधा चार किलोच्या आत राहील. (टी) दुर्बिणीसकट पाच किलोच्या वर जाते, आणि दिवसभर चढणीवर तो फरक खांद्याला कळतो. पावसात, झाडीत, दिवेलागणीला नवी न्या. आणि वर्षातून दोन-तीन दिवस, आभाळ मोकळं, ऊन चांगलं, जागा ओळखीची, तेव्हा (टी) न्या. सॉफ्ट नोजची काडतुसं, १५० यार्डांच्या आत, बसून, टेकू घेऊन. असं वापरलंत तर ती तुम्हाला निराश करणार नाही, आणि जनावरालाही त्रास होणार नाही.

तुमचं बजेट एकाच रायफलीचं असेल, तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: आधी नवी घ्या. शिकार तुमच्या घरच्या फ्रीजसाठी आणि फार्ममधल्या बकऱ्यांच्या बंदोबस्तासाठी असेल, तर ते काम ऐंशी वर्षांच्या काचेवर टाकू नये.

आता तिसरा प्रश्न, गावाकडचा. वडिलांच्या शेताची काळजी मला कळते. रताळ्याच्या वेलीत एका रात्री डुकरांचा कळप शिरला की सकाळी नांगरल्यासारखी जमीन दिसते, हे मी माझ्या मामाच्या शेतात बघितलं आहे. पण ही रायफल इथं आणणं हा त्यावरचा उपाय नाही. एक तर ३०३ हा आपल्याकडं मनाई असलेला बोअर, म्हणजे नळीचं माप, आहे. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि तसलं शस्त्र ठेवायला केंद्र सरकारची खास परवानगी लागते. ती साध्या नागरिकाला मिळत नाही. म्हणूनच इशापूरच्या कारखान्यानं नागरिकांसाठी त्याच ली-एनफिल्डच्या धाटणीची ३१५ बोअरची रायफल काढली. परवानगीशिवाय मनाई असलेलं शस्त्र सापडलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षांपासून सुरू होते. “आजोबांची आठवण” म्हणून कुणी सोडत नाही.

दुसरं, आपल्याकडं शिकार बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, १९९१ च्या दुरुस्तीनं तो आणखी कडक झाला. रानडुक्करही आज संरक्षित यादीत आहे. पिकाला धोका झालेल्या जनावराबद्दल वन खात्याचा अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, पण ती त्याच्या अधिकारातली गोष्ट. शेतकऱ्यानं आपल्या मनानं बार टाकायचा नाही. आणि तुमच्या भागाला तर भीमगड अभयारण्य लागून आहे. न्यूझीलंडचं गणित वेगळं. तिथं जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. हरणं, बकऱ्या, डुकरं सगळी बाहेरून आणलेली, आणि ती तिथलं रान खातात म्हणून त्यांना मारायला मोकळीक. आपलं डुक्कर, गवा, भेकर हे इथलेच आहेत.

तिसरं कारण आर्मरर म्हणून सांगतो. ३०३ ची गोळी अडली नाही तर तीन किलोमीटरच्या वर जाते. खानापूरच्या खाचरात, उसाच्या फडाच्या पलीकडं रात्री कोण राखणीला बसलंय, ऊसतोडीची टोळी कुठं झोपलीय, हे बांधावरून दिसत नाही. पीक राखणीच्या लायसन्सवर ठासणीची, गुळगुळीत नळीची बंदूक देतात ती याच कारणासाठी. तिच्या छर्ऱ्यांचा पल्ला थोडा असतो. वडिलांना सोलर कुंपण घालून द्या, बॅटरीवरच्या झटक्याचं. विजेच्या खांबावरून तार ओढून कुंपणात सोडणारे लोक आहेत, ते मात्र कधी करू देऊ नका, त्यात माणसं मेलीत. आणि नुकसान झालं की पंचनाम्याआधी शेतात काही हलवू न देता वन खात्याकडं भरपाईचा अर्ज करायला सांगा.

व्यवहार ठरवायच्या आधी मला चार फोटो टाका. दस्त्याच्या मनगटावरचा नंबर, दुर्बिणीवरचा नंबर, बॉडीची डावी बाजू पॅडसकट, आणि टॉर्च तिरका धरून काचेच्या आतला. फोटो दिवसा, सावलीत काढा, फ्लॅश लावू नका. आणि मालकांना विचारा, सासऱ्यांनी शेवटचा बार कधी केला होता आणि कुठल्या काडतुसानं. ते कळलं की नळीबद्दल मी इथून बरंच सांगू शकेन.